विश्रामच्या नावावरची अकरा इंजिनं

घोटावडे फाट्यावर चहावाल्याची शेगडी सहाला पेटते. त्याच्या आधी अर्धा तास गनी मिस्त्री पौडहून स्कूटरवर यायचा, गॅरेजचं शटर अर्धंच वर करायचा, वाकून आत शिरायचा आणि शटर पुन्हा खाली ओढून घ्यायचा. स्वतःच्याच गॅरेजात! एकसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे बोंब मारतायत, आणि चोरासारखा वाकून आत जातोय. कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं, सांगा बरं?

चोरी परवडली असती एक वेळ. गनी आत जाऊन विश्रामनं आदल्या दिवशी बांधलेलं इंजिन खोलायचा.

विश्राम म्हणजे त्याचा भागीदार, भरे गावचा. गॅरेजच्या पाटीवर ‘विश्राम-गनी डिझेल वर्क्स’ असं होतं, आणि विश्रामचं नाव पहिलं का, तर पाटी रंगवणाऱ्याला गनीनंच तसं बजावलं होतं. चौतीस वर्षं दोघं एका छपराखाली. आधी टिपर आणि खडी क्रशरची इंजिनं, मग अलीकडं जनरेटर. लवळ्याच्या कॉलेजांची हॉस्टेलं, मारुंजी-नेऱ्याच्या सोसायट्या, वीज गेली की सगळ्यांना जनरेटर लागतो. तो थकला की ट्रकमध्ये घालून या दोघांच्या दारात आणून टाकायचे.

आता यातली मेख समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. पूर्वी इंजिन बांधलं आणि चाललं की झालं, मिस्त्री खूश आणि मालकही खूश. आता तसं राहिलं नाही. इंजिनावर एक धातूची पट्टी असते. हे इंजिन इतकाच धूर सोडेल, जास्त नाही, याचा तो दाखला. इंजिन खोलून परत बांधलं तरी तो दाखला खरा राहायला हवा. म्हणजे कंपनीनं ज्या नंबरचा पिस्टन घातला होता त्याच नंबरचा पिस्टन, डिझेल फवारणारं नोझल त्याच नंबरचं, टर्बोसुद्धा तोच. दुसरा एखादा बसतोय म्हणून बसवला, तर इंजिन चालेल, अगदी झकास चालेल, पण त्यावरची पट्टी खोटी झाली. म्हणून कंपनी मोजक्याच गॅरेजांना मान्यता देते आणि दर इंजिनामागं एक कागद भरून घेते. कुठला भाग, कुठला नंबर, कुणी बसवला, आणि खाली सही.

आणि विश्राम जुने पिस्टन घालत होता.

गनीला ते पहिल्यांदा कळलं गेल्या वर्षी, गणपती उठल्यावर. हाफ इंजिन, म्हणजे पिस्टनपर्यंतचा खालचा भाग, विश्रामनं बांधायचा, वरचं झाकण म्हणजे हेड गनीनं चढवायचं, अशी त्यांची वाटणी. गनी हेड घेऊन गेला, बघतो तर चारही पिस्टनच्या डोक्यावरची वाटी खोल आणि तोंडाला निमुळती. नव्या इंजिनाला पसरट वाटीचे पिस्टन लागतात. लांबी-रुंदी अगदी सारखी, त्यामुळं बसतात बिनबोभाट. जुने पिस्टन फळीवर असायचेच, क्रशरच्या जुन्या इंजिनांसाठी.

“लेका, हे काय घातलंस?” गनी हसत म्हणाला. त्याला थट्टा वाटली.

विश्रामनं वाकून बघितलं. “काय म्हंजे? ह्या इंजिनाला हेच असत्यात की.”

“आरं, पट्टी बघ. नवं हाय हे.”

“मला शिकवतोस व्हय?” विश्राम म्हणाला, आणि पिस्टनचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला. पाढा म्हणावा तसा. नंबर बरोबर होता. पंचवीस वर्षांपूर्वी याच इंजिनाला हाच पिस्टन असायचा. विश्राम इंजिन चुकीचं बांधत नव्हता हो! बरोबरच बांधत होता, फक्त पंचवीस वर्षांपूर्वीचं.

त्यानंतर मग एकेक दिसायला लागलं. एकदा ईदला घरी आल्यावर विश्रामनं गनीच्या बायकोला, साबेराला, विचारलं, “भाभी, फरहान शाळंतनं आला का?” फरहान एकोणतीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला. साबेरा हसली आणि मग गनीच्या तोंडाकडं बघून गप्प झाली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. गनीलाही ते कळत होतं, तो काही दुधखुळा नव्हता. पण एक गोष्ट त्यानं बघितली होती. रस्त्यात भेटला की विश्राम भांबावलेला असायचा, बस कुठली धरायची ते विचारायचा, खिसे चाचपत राहायचा. आणि गॅरेजातल्या लोखंडी स्टँडवर इंजिन चढवलं की विश्राम पुन्हा विश्राम व्हायचा! बेअरिंगवरून अंगठा फिरवून ‘खरडलंय बग हितं’ म्हणायचा आणि खरोखर खरडलेलं असायचं. जुन्या टिपरवाल्यांच्या फजितीचे किस्से सांगून पोट दुखेस्तोवर हसवायचा. गनीनं मनाशी पक्कं केलं, याला या स्टँडपासून उठवायचं नाही. उठला की संपला. इथं आहे तोवर आहे.

विश्रामची बायको रजनी एकदा गॅरेजात आली. डबा विसरला म्हणून निमित्त, पण मनात दुसरंच.

“भावजी, घरी जरा येगळंच वागत्यात. त्याच त्याच गोष्टी इचारत्यात. दवाखान्यात दाखवू का? हितं कामात कसं हायेत?”

“कामात?” गनी म्हणाला. “अवो वैनी, पोरांना लाजवंल! काय घोर लावून घेऊ नगा.”

रजनीचा चेहरा उजळला. बिचारी डबा ठेवून हसत गेली. गनी किती तरी वेळ हातातला पाना उगाच पुसत बसला.

तेव्हापासून ही पहाटेची हजेरी सुरू झाली. रॉडचे नट सैल करायचे, विश्रामनं घातलेले पिस्टन वर ढकलून काढायचे, योग्य नंबरचे घालायचे, रिंगा पट्ट्यानं आवळून अलगद खाली सोडायचे, पुन्हा नट मोजून आवळायचे. मग कागद. कागदावर नाव विश्रामचं आणि सहीही विश्रामची, मोठा ‘वि’ काढून मागं लांबलचक रेघ. ती सही गनीला इतकी जमली होती की बँकेतसुद्धा चालली असती. साडेनऊला विश्राम यायचा, इंजिनाभोवती एक फेरी मारायचा आणि म्हणायचा, “काल लई भारी जमलं गड्या. आपल्या हाताला अजून मरण न्हाई.”

“न्हाईच,” गनी म्हणायचा. आणि वळून हेड उचलायचा.

अशी दहा महिन्यांत अकरा इंजिनं झाली.

साबेरा सांगून थकली. “तुमी तुमच्या तब्येतीचं बघा. डोळे बगा कसे झालेत. दोघांचं काम एकटा करताय, कधी तरी हात चुकंल.” गनी म्हणायचा, माझा हात चुकायचा नाही. बायकांचं ऐकलं असतं तर निम्म्या जगाचं भलं झालं असतं, पण ऐकतो कोण!

श्रावणात कंपनीची तपासणी लागली. अपूर्वा नावाची इंजिनिअर मुलगी, मूळची परभणीकडची, मारुंजीत भाड्यानं राहायची. या गॅरेजची फाईल तिच्याकडं. तोंडानं गोड, पण कामात सुईच्या टोकाएवढंसुद्धा सोडणार नाही. ती आली तीच उभ्यानं. खुर्ची दिली तर बसली नाही.

“काका, लवळ्याच्या हॉस्टेलचा जनरेटर परत आलाय आमच्याकडे. लोड घेतला की काळा धूर. आम्ही खोलला. चारातलं एक नोझल दुसऱ्याच नंबरचं आहे. आणि कागदावर चारही नंबर बरोबर लिहिलेत.”

विश्राम मागं कपाटाशी उभा होता. गनीनं चटकन त्याच्याकडं बघितलं. यातलं पण राहून गेलं का? कुठलं इंजिन हे? अकराव्याचं आपण…

“कुणी बसवलंय?” त्यानं विचारलं.

अपूर्वानं कागद पुढं केला. “तुम्ही, गनीकाका.”

खरंच. सही गनीची होती, त्याची स्वतःची. ते इंजिन अथपासून इतिपर्यंत त्यानंच बांधलं होतं, विश्रामचा हातही लागला नव्हता. पहाटे विश्रामचं अकरावं इंजिन खोलून, बांधून, दुपारी हे करायला घेतलेलं, डोळ्यांपुढं अंधारी येत होती, आणि खोक्यावरचा नंबर न वाचताच नोझल बसवलं. आणि कागद? दहा महिने विश्रामच्या कागदावर जे असायला हवं तेच लिहायची हाताला सवय झालेली. आपल्या कागदावरही हातानं तेच लिहिलं. आत काय आहे ते बघायचं राहूनच गेलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

“विश्रामकाकांची अकरा इंजिनं आहेत आमच्या रेकॉर्डला,” अपूर्वा म्हणाली. “त्यातली तीन आम्ही मुद्दाम उघडून बघितली. एक नंबर इकडचा तिकडं नाही. ऑफिसात त्यांचा कागद नमुना म्हणून दाखवतात. मला वाईट वाटतंय काका, पण मान्यता टिकवायची तर एकच करता येईल. यापुढे या इंजिनांवर काम आणि सही फक्त विश्रामकाकांची. तुम्ही क्रशरची जुनी कामं बघा.”

गनीनं मान खाली घातली. खरं सांगायचं तर त्याला हलकंच वाटलं. बसू दे बोल माझ्यावर, बसू दे! पहाट तर आपल्याच हातात आहे. किल्ली आपल्याकडं आहे. विश्राम दिवसा बांधेल, आपण पहाटे खोलू. कोण बघतंय? विश्रामची जागा राहिली म्हणजे झालं.

“मान्य हाय,” तो म्हणाला. “माझी चूक.”

“काय मान्य हाय?”

विश्राम कपाटापासून पुढं आला होता. रागानं लाल झालेला. “ए पोरी, कुनाबद्दल बोलतीयास? गनीच्या हातनं चूक? सूर्य मावळतीला उगवंल, पर गनीच्या हातनं चूक व्हनार न्हाई. ते इंजिन माझं हाय. मी बांधलंय. लिव माझं नाव.”

“विश्राम, तू गप बस.”

“का गप बसू? चौतीस वर्सं माझं वझं तू उचललंस, एक दिस तुझं मी उचललं तर तुझं काय जातंय?”

गनीला हुंदका आला. त्यानं तो खोकल्यात घातला.

“काका, सही त्यांची आहे,” अपूर्वा समजुतीनं म्हणाली.

“सही कुनाचीबी असंना. पिस्टन मी घातल्यात, नोझलं मी घातल्यात. नंबर सांगू? इचार!”

आणि तिनं विचारायच्या आधीच त्यानं नंबर म्हणायला सुरुवात केली. पिस्टन, रिंगा, लायनर, नोझल, एकामागून एक, न अडखळता, मान ताठ, डोळे चकाकतायत. गनीनं डोळे मिटून घेतले. अपूर्वा हातातल्या यादीवर बोट फिरवत होती. बोट खाली गेलं, वर आलं, परत खाली गेलं. यातला एकही नंबर तिच्या यादीत नव्हता. मग तिची नजर फळीवरच्या धुळकट खोक्यांकडं गेली. ती तिथं गेली, एक खोकं उचललं, नंबर वाचला, विश्रामनं आत्ता म्हटलेलाच, आणि तसंच हातात धरून उभी राहिली.

परत येऊन तिनं फाईल उघडली. अकरा कागद काढून टेबलावर पसरले. शेजारी गनीचा कागद ठेवला. अक्षर एकच होतं. इंग्रजी साताचा आकडा आडव्या रेघेनं मधून कापायची गनीची खोड बाराही कागदांवर होती.

“गनीकाका,” ती हळू म्हणाली, “हे किती दिवस चाललंय?”

गनी कागद गोळा करून एकावर एक रचू लागला. तिनं चष्मा काढून ओढणीला पुसला.

“बरोबर हायेत न नंबर?” विश्रामनं विचारलं. दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत, शाळेत उत्तर दिलेल्या पोरासारखा.

“बरोबर हायेत,” गनी म्हणाला. “सगळे बरोबर हायेत.”

बाहेर स्कूटरपाशी येऊन अपूर्वानं गनीला आपलं म्हणणं सांगितलं. ती अकराच्या अकरा इंजिनं तपासून घेईल, ठीक निघाली तर सहीचा विषय वरपर्यंत जाऊ देणार नाही, तेवढं ती करेल. पण विश्रामकाकांनी उद्यापासून इंजिनाला हात लावायचा नाही. उद्यापासून म्हणजे उद्यापासून. “माझ्या आजोबांना असंच झालं होतं, काका. विश्रामकाकांच्या घरी सांगा. डॉक्टरकडं न्या.” तिच्यावर राग काढावा तर तेही जमेना, कारण तिचं बरोबर होतं.

आता विश्रामला कुणी सांगायचं? गनीनंच. दुसरं कोण होतं?

गॅरेजच्या मागं दोन खोकी उपडी टाकून ते चहा प्यायचे. गनीनं दोन ग्लास आणले. कसं सांगायचं ते त्यानं मनात जुळवलं होतं: विश्राम, तुला विसरायला होतंय, आपण डॉक्टरकडं जाऊ, मी बरोबर येतो. एवढंच. तोंड उघडणार तेवढ्यात विश्रामच बोलला. ग्लास दोन्ही हातांत धरून, खाली बघत.

“गनी, खरं सांग. ती पोरगी माझ्याकडं तसं का बगत व्हती? मला अलीकडं काय व्हतंय का रं? माझ्या हातनं काय…” आणि त्यानं वर बघितलं.

इतकी भीती गनीनं कुठल्या माणसाच्या डोळ्यांत बघितली नव्हती. याच्या अंगावर एकदा इंजिन सुटलं होतं साखळीतून, तेव्हाही हा असा भ्यायला नव्हता. आणि ते बघून गनीचं सगळं जुळवलेलं मोडून पडलं. मूर्खपणा म्हणा, माया म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

“तुला काय धाड भरलीय?” तो म्हणाला. “तुझं काय बी न्हाई. माझंच एक काम हाय तुझ्याकडं. फरहानला मला हितं बसवायचाय. गॅरेज मला एकट्याचं करायचंय. उद्यापासनं तू येऊ नगंस.”

फरहान गॅरेजची पायरी चढायलाही तयार नव्हता. पण विश्रामला ते कुठं आठवत होतं!

विश्रामला आधी कळलंच नाही. मग कळलं. चेहऱ्यावरची भीती पार निघून गेली आणि तिथं राग आला, खणखणीत, जुना विश्राम असायचा तसा. तो उठला, चहा मातीत ओतला, ग्लास खोक्यावर ठेवला.

“पोराला पुढं आनायचं तर सरळ सांगायचंस की रं. त्या पोरीला मधी घालून नाटक कशाला केलंस?” तो म्हणाला. “थू तुझ्या मैत्रीवर.”

आणि तो ताठ मानेनं भऱ्याच्या रस्त्याला लागला. रस्ता चुकला नाही त्या दिवशी. गनी स्कूटर घेऊन लांबून त्याच्या मागं मागं गेला, घरात शिरेपर्यंत.

रजनीला त्यानं त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती ओरडली नाही. “वरीस होत आलं भावजी,” एवढंच म्हणाली. “मी तुमाला इचाराय आले व्हते.” डॉक्टरांनीही तेच विचारलं, आधी का नाही आणलं. आधी आणलं असतं तर गोळ्यांनी थोडा वेळ मिळाला असता म्हणे. किती, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि गनीनं विचारलं नाही. तो वेळ आपणच अकरा इंजिनांत घातला, हे त्याचं त्याला कळलं होतं.

विश्राम मग भराभरा विसरत गेला. आधी गावातल्या वाटा, मग शेजारी, मग जेवण झालं की नाही ते. मुलीचं, जुईलीचं, लग्न झालंय हे विसरला. एक दिवस रजनीलाच म्हणाला, बाई, तुमी कुनाच्या? पण गनीनं आपल्याला काढलं, हे मात्र विसरला नाही! एवढं सगळं गेलं आणि नेमकं हे राहिलं. गनी दर शुक्रवारी नमाज पढून भऱ्याला जायचा. तो ओसरीवर दिसला की विश्राम आतून ओरडायचा, “दार लावा! त्यो आलाय!” रजनी त्याला शंभरदा खरं सांगायची, तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दार लावायला सांगायचा. गनी बाहेर थोडा वेळ बसायचा, रजनीनं दिलेला चहा प्यायचा आणि निघायचा. इकडं अपूर्वानं शब्द पाळला होता, मान्यता राहिली होती. पण नवीन इंजिन आलं की गनीला स्टँडकडं जायची इच्छाच व्हायची नाही.

परवाच्या शुक्रवारी विश्राम ओसरीवरच बसला होता. गनीला बघून तो उठला नाही, ओरडला नाही. “या, बसा,” म्हणाला आणि सरकून जागा दिली.

गनी शेजारी टेकला. किती महिन्यांनी! विश्रामच्या अंगाला साबणाचा वास येत होता, हाताच्या रेघांतलं काळं कधीच गेलं होतं.

“कुनीकडनं आलात?” विश्रामनं विचारलं.

“पौडहून.”

“पौडात माझा एक दोस्त व्हता. गनी मिस्त्री. वळखता का?”

गनीनं मान हलवली. हो म्हणून.

“लई मोठा मिस्त्री. तसा हात न्हाई कुनाचा.” विश्राम अंगणाकडं वळला. “त्यानं मला काढून टाकलं. मी लई इचार करतो, पर मला काय सापडत न्हाई. तुमाला भेटला तर त्याला इचाराल का, माझं काय चुकलं व्हतं?”

“इचारतो,” गनी म्हणाला.

“आन काय म्हनला ते मला येऊन सांगा,” विश्राम म्हणाला. “मी हितंच असतो.”